गणपतीला गाडीने गावी: पुण्याहून मालवण तालुक्यात, फोंडा घाटाने

पुण्याहून सिंधुदुर्गात उतरायला घाट पुष्कळ. गगनबावड्याहून करूळ नाहीतर भुईबावडा, राधानगरीहून फोंडा, आजऱ्याहून आंबोली. एरवी कुठूनही उतरा, काही बिघडत नाही. पण गणपतीत, पावसाचे दिवस, गाडीत म्हातारं माणूस आणि मुलं असली की घाट कुठला आणि तो किती वाजता उतरायचा हे आधी ठरवायचं आणि बाकीचा प्रवास त्याच्या मागेपुढे बसवायचा. आमचं पक्कं ठरलेलं असतं: फोंडा घाट, आणि दुपारी तीनच्या आत खाली.

सासर कसाल-मालवण रस्त्यावर, कट्ट्याच्या अलीकडे. पुण्यापासून साधारण पावणेचारशे किलोमीटर. २०२५ ला चतुर्थी बुधवारी होती, २७ ऑगस्टला. आम्ही सोमवारी पहाटे निघालो. मंगळवारी, म्हणजे हरतालिकेच्या दिवशी, निघणारे खूप असतात आणि त्याच दिवशी खाली कणकवलीत अख्ख्या तालुक्याचा बाजार भरतो. माटवीचं (गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीचं) सामान, फुलं, फटाके, आणि हायवेवरून आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्या, सगळं एकाच वेळी. एक दिवस आधी पोचलं तर हे सगळं टळतं. रजा एक जास्त जाते, ती जाऊ द्यावी.

निघण्याआधीच्या गोष्टी सांगते. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफी देतं. त्यासाठी ‘गणेशोत्सव, कोकण दर्शन’ असा पास आरटीओत किंवा पोलीस ठाण्यात मिळतो. त्यावर गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव असतं. तो चार दिवस आधीच काढा आणि काचेवर बाहेरून नीट दिसेल असा लावा. नाक्यावर डॅशबोर्डच्या कप्प्यात पास शोधणाऱ्याच्या मागे उभं राहायची पाळी आली की कळतं. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोल लागतात. वर्षभर हायवेवर फिरणं असेल तर १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास आहेच: २०२५ ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या, फक्त खासगी गाड्यांना, राष्ट्रीय महामार्गांवर.

दुसरं, पंचगंगा. पुण्या-मुंबईचे लोक हवामानाचं ॲप बघतात. त्यापेक्षा राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा, कोल्हापूरच्या बातम्यांत पावसाळ्यात रोज येते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. ३९ च्या आसपास पाणी असलं की गगनबावड्याच्या बाजूचे रस्ते पाण्याखाली जायला लागतात. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. आम्ही निघालो त्याच्या आदल्या आठवड्यात पावसाने झोडपून काढलं होतं, म्हणून रविवारी रात्री नवऱ्याने कोल्हापूरच्या मित्राला फोन करून रस्ता चालू असल्याची खात्री करून घेतली. घाटाचंही तसंच. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता, आणि तरी नकाशावर विसंबून गगनबावड्यापर्यंत जाणारे लोक होते. वैभववाडी-कणकवलीकडे कुणी ओळखीचं असेल तर त्याला विचारा, नकाशाला नको.

गाडीचे वायपर नवीन घालून घ्या. दीड-दोनशे, तीनशे रुपयांचा खेळ आहे, पण घाटात दुसरं काहीही इतकं कामाला येत नाही.

पहाटे चारला कोथरूडहून निघालो. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि नवऱ्याची आत्या. आत्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे दुखरे, आणि पुण्यात उभा जन्म काढूनही भाषा मालवणीच. बसल्या बसल्या मला बजावलं, “घाट इलो काय माका उठय,” आणि कात्रजचा बोगदा यायच्या आत झोपल्या. नवले पुलावर त्या वेळी कुणी नसतं. खंबाटकी चढून गेलो तेव्हा उजाडत होतं.

साताऱ्याच्या पुढे शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू आहे. वळणरस्ते अचानक येतात, फलक असला तरी खड्डा फलकाच्या अलीकडेच असतो. कराडला सगळ्यात जास्त खोळंबा. इथे ‘दोन तासांत कोल्हापूर’ वगैरे हिशेब सोडून द्या. गाडीत वयस्कर बाई असेल तर आणखी एक सल्ला: स्वच्छतागृहासाठी मोठे पेट्रोल पंप आणि गर्दीची हॉटेलं यांत हॉटेल निवडा, आणि चहा घ्यायचा नसला तरी तिथेच थांबा. आत्यांना इंडियन पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, त्यामुळे कुठे कमोड आहे हे आम्हाला आता हायवेभर पाठ झालंय. अशी जागा सापडली की मोबाइलवर खूण करून ठेवा, परतताना रात्र झालेली असली तर फार उपयोग होतो.

कोल्हापुरात मिसळ खायची की नाही यावरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. माझं मत: घाट उतरायचा असेल तर खाऊ नका. तर्रीवाली मिसळ पोटात आणि पुढे वळणं, मागच्या सीटवर काय होतं ते धुवायला मलाच लागतं. आम्ही इडली खाल्ली, नवऱ्याने तोंड वाकडं करून. मुलांना आलेपाक आणि आवळासुपारी दिली. धाकट्याला पुढे बसवला, कारण समोरचा रस्ता दिसत असला की त्याला मळमळत नाही. मोबाइल दोघांचेही काढून घेतले.

राधानगरीला जायला शहरातून रंकाळ्यावरून, वाशी नाक्याने जाता येतं. पण गणपतीच्या आधी कोल्हापुरात कुंभार गल्ल्यांच्या बाजूला मूर्ती न्यायला ट्रॅक्टर लागलेले असतात आणि ढोल-ताशे वाजत असतात. बघायला मजा येते, गाडी मात्र हलत नाही. सरळ हायवेने कागलला जा, तिथून मुरगूड, मुदाळ तिट्टा आणि राधानगरी. थोडं लांब पडतं पण शहर टळतं, आणि रस्त्यात कर्नाटकात शिरावं लागत नाही. पेट्रोल कागलला किंवा फार तर राधानगरीला भरून घ्या. पुढे दाजीपूरचं जंगल आहे, तिथे काही मिळत नाही आणि फोनलाही रेंज नसते. घरी ‘आता घाटात शिरतोय’ एवढं राधानगरीलाच कळवून टाकावं, नाहीतर सासूबाई दर दहा मिनिटांनी फोन लावत बसतात.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. धरण भरलं की पाण्याच्या दाबानेच त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. लेकीला हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा तिथे उभं राहून जास्त पटलं, म्हणून दहा मिनिटं दिली. त्याहून जास्त देऊ नका.

कारण खरा मुद्दा दाजीपूरच्या पुढे आहे. हे गव्यांचं अभयारण्य. संध्याकाळ झाली की गवे रस्त्यावर येतात, आणि धुक्यात काळा गवा दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. दिवसाउजेडी तो धोका पुष्कळ कमी. आम्ही एक वाजता तिथे होतो. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता, आणि मग एका वळणानंतर समोर फक्त पांढरं. घाटात गाडी मी चालवते, कारण नवऱ्याला धुक्यात घाई होते. अशा वेळी दिवे लो बीमवर ठेवायचे. हाय बीम लावला की धुकंच उजळतं आणि रस्ता जातो. एसी चालू ठेवून वारा काचेवर सोडायचा, म्हणजे आतली वाफ धरत नाही. डावीकडची पांढरी पट्टी धरून दुसऱ्या गियरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय दाबून नाही. आणि कृपा करून चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं तुम्ही थांबलाय, आणि तुम्ही वळणार असाल तेही कळत नाही. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, मग ती एसटी असो की दुचाकी.

धुक्यात एका एसटीच्या मागे लागले आणि शेवटपर्यंत तिला सोडलं नाही. ते चालक रोज हा घाट करतात. नवरा म्हणत होता, “घे ना पुढे.” मागून आत्या जाग्या होऊन म्हणाल्या, “तू गप बस रे. ती बरी चलवता.” फोंड्यात उतरलो तेव्हा सव्वादोन वाजले होते, आणि खाली लख्ख ऊन.

फोंड्याहून कणकवली वीसेक किलोमीटर, मग चौपदरी हायवेने कसाल, तिथून उजवीकडे मालवणचा रस्ता. हा शेवटचा तुकडा अरुंद आहे आणि दर दोन वळणांना कुणीतरी डोक्यावर पाटासकट गणपती घेऊन चाललेलं असतं. कोकणात नागपंचमीच्या सुमाराला घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, देऊन ठेवतात आणि चतुर्थीच्या आधी मूर्ती त्यावर बसवून घरी आणतात. अशांच्या मागे हॉर्न वाजवू नका. थांबा, त्यांना शेतातून घराकडे वळू द्या.

गावात पोचल्यावर गाडी कुठे लावायची हा पाहुण्यांना न सुचणारा प्रश्न. हिरवळ दिसते छान, पण खाली चिखल असतो, आणि अकरा माणसं आली की पहिली गाडी मागच्यांनी कोंडली जाते. चिऱ्याचा कोबा किंवा खडी असलेल्या जागेवर, तोंड रस्त्याकडे करून लावा. माडाखाली तर नकोच. आमच्या चुलतदिरांच्या गाडीच्या टपावरचा खड्डा अजून तसाच आहे.

घरात माटवी सजत होती. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, तेरडा. मोठे दीर शिडीवर आणि खालून सगळे सल्ले देणारे. बुधवारी पूजा झाल्यावर त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आधी घराण्याचं, शेताचं, मग शेवटी, “आणि म्हाराजा, पुण्या-मुंबयसून इलेल्या लेकरांका परतीच्या वाटेक टराफिक गावता नये रे म्हाराजा!” मागून सगळ्यांनी एका सुरात “होय म्हाराजा!” म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज मुंबईहून माणगावमार्गे एकोणीस तासांनी आलेल्या नणंदेच्या नवऱ्याचा.

त्यांचं म्हणणं मुंबईकरांसाठी इथे देते. २०११ पासून चाललेलं मुंबई-गोवा महामार्गाचं काम रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंच झालंय, कशेडीचा बोगदाही कामाला येतो, पण रायगडातल्या इंदापूर आणि माणगावच्या बाजारात गाडी उभी राहते ती राहतेच. कणकवलीच्या खाली जाणाऱ्यांनी पुणे-कोल्हापूर धरायला हरकत नाही. अंतर वाढतं, वेळेचा अंदाज मात्र बांधता येतो. २०२५ ला कोकण रेल्वेने रायगडातल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत गाड्या रेल्वेवर चढवून नेण्याची सोय सुरू केली, पुढे सिंधुदुर्गातल्या नांदगावचा थांबाही दिला. तेव्हा वेर्ण्यापर्यंत गाडीमागे ७,८७५ रुपये होते, प्रवाशांचं तिकीट वेगळं आणि गाडीमागे तिघांनाच जागा. पाच जणांच्या घराला ती नाही जमायची.

देशावरून जाताना काय न्यावं हे माझ्या जाऊबाईंना विचारलं तर मिठाई नको म्हणतात. कोल्हापुरी गूळ, शेंगदाणे, ज्वारी, आणि चांगल्या प्रतीच्या वाती. शिवाय दोन चार्जिंगचे दिवे, कारण ऐन आरतीला वीज जाते. रात्री भजनी मंडळी येतात, त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा सतत चालू असतो. पाहुणी म्हणून बसून राहू नका, खोबरं किसायला घ्या, म्हणजे गप्पा आपोआप कळायला लागतात.

परतीचं थोडक्यात. गौरी-गणपतीचं विसर्जन मंगळवारी, २ सप्टेंबरला झालं. आम्ही बुधवारी सकाळी सहाला निघालो, त्याच घाटाने. डिकीत नारळ, आमसुलं, उकडे तांदूळ, घावण्याचं पीठ, तवशी आणि मालवणी मसाला. जड गाडीने घाट चढायचा तर टायरमध्ये हवा निघतानाच बघा, एसी बंद ठेवा, आणि नारळाचं पोतं अगदी मागे न टाकता सीटला टेकवून ठेवा. पुण्याच्या बाजूला संध्याकाळी पाच ते नऊ खेड शिवापूर ते नवले पूल हे अंतर जीव खातं. खंबाटकीचा बोगदा तीनच्या आत पार झाला पाहिजे, तर जेवणाला किती थांबायचं ते त्यावरून ठरवा.

२०२६ ला चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. म्हणजे शनिवार-रविवारी सगळेच निघणार, शुक्रवारी रात्रीही. शुक्रवारची रजा टाकून पहाटेच बाहेर पडा. आम्ही तेच करणार आहोत, आणि पुढची सीट या वेळी आत्यांनी मागितली आहे.