पद्मिनीचा डावा क्वार्टर: पिना, स्लाइड हॅमर आणि जुनी लांबी

बोनेट आणि दारं आटोपली. आता डाव्या मागच्या चाकावरचा पत्रा, म्हणजे क्वार्टर, हातात घेतलाय. गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आजवर किती डेंटरांच्या हाताखालून गेली असेल ते तिलाच ठाऊक. पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं तर वरच्या बाजूला घट्ट चिकटायचं आणि चाकाच्या कमानीजवळ आलं की सुळकन घसरायचं. रंग उतरवल्यावर कारण दिसलं. कमानीच्या वर मोठा पोचा आणि त्यात लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, चांगली पाच मिमी जाड भरलेली. लांबी खरवडली तर खाली ओळीने पाडलेली भोकं.

जुनी पद्धतच ती. मागून हात जात नसेल तर ड्रिलने भोक पाडायचं, त्यात स्क्रू फिरवायचा, स्क्रू ओढून पोचा जमेल तितका वर आणायचा आणि उरलेलं लांबीने बुजवायचं. वरून रंग छान दिसतो. पण चाकाने उडवलेलं पाणी आतल्या बाजूने त्या भोकांतून लांबीपर्यंत पोचतं, लांबी ते धरून ठेवते आणि गंज खालून वर येतो. माझ्या पत्र्यावर प्रत्येक भोकाभोवती गंजाचं कडं होतं.

इथे मागून डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) लावायला जागाच नाही, आतली कमान वेल्ड केलेली आहे. गोंदाने ओढायची पद्धत रंग शाबूत असलेल्या नव्या गाडीला ठीक. इथे गोंदाबरोबर फक्त रंग आणि लांबी हातात आली असती. म्हणून स्टड वेल्डर घ्यायचं ठरलं, म्हणजे पत्र्याला बाहेरून पिना चिकटवून त्या ओढायच्या. आपल्याकडे गॅरेजवाले त्याला स्पॉटर किंवा डेंट पुलर म्हणतात.

आधी एक शंका फेडतो, कारण ती मला बऱ्याच जणांनी विचारली: घरातल्या आर्क वेल्डिंगच्या इन्व्हर्टरने पिन चिकटवता येणार नाही का? पत्रा एक मिमीच्या आसपास असतो, नव्या गाड्यांत तर ०.७–०.८. त्यावर आर्क पेटवला की भोक. स्पॉटरमध्ये आर्क नसतोच. व्होल्टेज अगदी कमी, जेमतेम काही व्होल्ट, पण करंट हजार-दोन हजार अँपियर, तोही सेकंदाच्या लहानशा भागापुरता. पिन आणि पत्रा टेकतात तिथल्या रोधामुळे नेमकी तेवढीच जागा तापते आणि चिकटते.

यातच निवडीची मेख आहे. डब्यावर ‘३००० अँपियर’ छापायला पैसे पडत नाहीत. दुकानात मी मशीन उचलून बघत होतो. ट्रान्सफॉर्मरचं मशीन हलकं असेल तर आत तांबं आणि लोखंड कमी, हा साधा हिशेब. दुसरं, गनची आणि अर्थची केबल जाड आणि आखूड हवी. इतक्या कमी व्होल्टेजला केबल मीटरभर वाढली तरी करंट लगेच पडतो. तिसरं, टायमर. ‘लो-मीडियम-हाय’ असं नुसतं बटण असलेलं मशीन मी सोडून दिलं. पातळ पत्र्यावर सगळा खेळ वेळेचा आहे, करंट आणि वेळ दोन्ही वेगवेगळे फिरवता आले पाहिजेत. थ्री-फेज मशीन उत्तमच, पण घरच्या शेडमध्ये २३० व्होल्टच आहे, त्यामुळे सिंगल-फेज घेतलं.

विजेचं थोडं सांगतो. शेडमधला एमसीबी बी-कर्व्हचा होता, ट्रिगर दाबला की पडायचा. ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर जो झटका घेतो, तो त्याला सोसवत नाही. वायरमनने वायरिंग तपासून त्याच अँपियरचा सी-कर्व्ह बसवला, मग त्रास गेला. आणि घरातला बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका. पिना कच्च्या चिकटतात आणि आपण उगाच मशीनला शिव्या देतो.

कामाआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. पेट्रोलची टाकी मागेच आहे, म्हणून तीही काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. डिकीतलं डांबरी अस्तर सोलून काढलं, कारण पत्र्याची मागची बाजू दिसत नसली तरी तापते. ओली फडकी, बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. डोळ्यांवर चष्मा.

सेटिंग गाडीवर करत बसू नका. मी त्याच जाडीच्या पत्र्याच्या तुकड्यावर २ मिमीच्या तांब्याचा मुलामा असलेल्या पिना लावून बघितल्या. बरोबर जमलेली पिन ओढताना टिकते, पक्कडीने पिळली की सुटते आणि मागे बारीक ठिपका राहतो. नुसती टिचकी मारली तरी पडली तर वेळ किंचित वाढवा. पत्र्याला भोक पडून पिन आली तर कमी करा. अर्थचा क्लॅम्प पोच्याजवळ, चकचकीत धातूवरच हवा. रंग काढायला ग्राइंडिंगची चकती न वापरता स्ट्रिपिंग डिस्क वापरली. चकती पत्रासुद्धा खाते.

आता खरी गंमत. पोच्याच्या मधोमध पिन लावून स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन मागे आपटून ओढायचं हत्यार) दणादण हाणला तर तिथे एक टेंगूळ येतं आणि पोचा तसाच राहतो. पत्रा अडकलेला असतो तो पोच्याच्या कडेला उठलेल्या वरंब्याने. म्हणून मी कडेकडून सुरुवात केली, शेवटी पडलेला भाग आधी. पिनेवर हॅमर लावायचा, एका हाताने ताण धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने त्या वरंब्यावर सपाट हातोडीने हलके ठोके द्यायचे. ताण असताना ठोका बसला की पत्रा टक् असा आवाज करून जागेवर येतो. तो आवाज हाताला आधी कळतो, कानाला नंतर. स्लाइडचे ठोकेही छोटेच. एका तडाख्यात सगळं वर आणायची हौस इथे महागात पडते.

कमानीच्या वरच्या रेषेला एकेक पिन उपयोगी नाही. तिथे वॉशर ओळीने उभे वेल्ड केले, त्यांतून सळई घातली आणि सगळी रेष एकदम ओढली. लाट दिसत होती ती बरीच बसली.

एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक पिनेची उष्णता पत्रा थोडा आकसवते. तापलेली जागा फुगायला बघते, भोवतालचा थंड पत्रा फुगू देत नाही, म्हणून ती आतल्या आत दबते आणि थंड झाली की ओढून घेते. सपाट भागावर पिनांची गर्दी केली तर पत्रा वाकडातिकडा होतो. उलट जिथे पत्रा ताणून सैल झालाय आणि दाबला की डबडब वाजतो, तिथे हाच गुण कामाला येतो. गनला तांब्याची टीप लावून उंचवट्यावर ठिपके दिले आणि लगेच ओलं फडकं फिरवलं. डबडब थांबली. हे मात्र जपून करायचं. जास्त आकसलेला पत्रा परत ताणत बसणं फार जिकिरीचं.

पिना पिळून काढल्यावर उरलेले ठिपके फ्लॅप डिस्कने हलकेच घासले आणि उंचसखल दिसावं म्हणून काळ्या पावडरचा हात मारून लांब ब्लॉकने घासून तपासलं. सखल जागा आहेत, पण एक-दीड मिमीच्या आत. तेवढी लांबी चालते. शंभर टक्के धातूवर काम संपवायचा हट्ट मला पटत नाही. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

जुनी भोकं मात्र लांबीवर सोडणार नाही. मागे आधार देता येत नाही, म्हणून ०.६ मिमी तारेच्या मिग वेल्डरने कडेकडून ठिपके देत, मध्ये गार होऊ देत बुजवतोय. अर्धी झाली आहेत. ती झाली की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, नाहीतर आमच्याकडच्या पावसाळी हवेत सकाळपर्यंत पत्रा तांबूस होतो. आतून, जिथे जिथे पिनांनी जुना रंग जळला, तिथे लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारायचं. पण रंगकाम झाल्यावर, कारण वॅक्सचा एक थेंब बाहेर आला तर रंग धरत नाही.

पुढे सिल, म्हणजे दारांखालची पट्टी. तिथे दुहेरी पत्रा आणि आत गंज किती ते अजून माहीत नाही. टोच्याने टोकून बघणार; टोचा आत गेला तर ओढाओढीचा प्रश्नच उरत नाही, सरळ कापून नवी पट्टी घालायची.