तेलाची पिशवी, जांभा दगड आणि ‘जड’ हा शब्द

एक लिटर तेलाच्या पिशवीवर लिटरच्या शेजारी ग्रॅमही छापलेले असतात, बहुतेकदा ९१०. कुणी वाचत नाही. पण वस्तुमान, वजन आणि घनता यांचा सगळा गोंधळ त्या बारीक अक्षरांत बसलेला आहे.

२०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेलवाल्यांना सांगितलं की पाकिटावर तापमान लिहायचं बंद करा. कारण काहीजण ‘६० अंश सेल्सिअसला १ लिटर’ असं छापत होते. विभागाने सोयाबीन तेलाचे आकडेही दिले होते: एका लिटरचं वजन २१ अंशांना ९१९.१ ग्रॅम, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. गंमत अशी की छापलेलं खोटं नव्हतं. ६० अंशांचं तेल खरंच एक लिटर भरतं. ते घरी येऊन ३० अंशांवर आलं की आकसून साधारण ९७८ मिलिलिटर होतं. वस्तुमान ८९२.६ ग्रॅम होतं, तेवढंच राहिलं. बदललं ते आकारमान, आणि म्हणून घनता, म्हणजे ठरावीक आकारमानात किती वस्तुमान मावतं ते. गिऱ्हाइकाने लिटरकडे बघावं की ग्रॅमकडे? ग्रॅमकडे. ते ऋतूनुसार बदलत नाहीत.

आपल्या भाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. जुना शेर हे वजन होतं आणि मापही होतं. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि चार शेरांची पायली ती मात्र धान्य भरून मोजायची. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे यांचं माप एक, वजनात जमीन-अस्मानाचा फरक. त्यात माप हलवून भरलं की दाणे दबून बसतात आणि तेवढ्याच पायलीत जास्त धान्य मावतं. शीग लावायची की सपाट करायची यावरून होणारी भांडणं निराळीच. ‘जड’ हा शब्दही तसाच दुटप्पी. ‘पोतं जड आहे’ म्हणताना आपण वजनाबद्दल बोलतो, ‘लोखंड लाकडापेक्षा जड’ म्हणताना घनतेबद्दल.

आता वस्तुमान आणि वजन. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती ते, वजन म्हणजे पृथ्वी तिला किती बलाने ओढते ते. व्याख्या पाठ असूनही उत्तरपत्रिकेत ‘वजन = ५० किलो’ येतंच. किलो हे वस्तुमानाचं एकक. मुंबईत गुरुत्वत्वरण (ही ओढ किती जोराची आहे ते सांगणारा आकडा) ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं तर ५० किलोच्या माणसाचं वजन ४८९ न्यूटन. व्याख्येपेक्षा उपकरणाकडे बघितलं की हे लवकर उमगतं. दोन पारड्यांचा तराजू तुलना करतो, त्यामुळे तो चंद्रावरही किलोला किलोच म्हणेल. स्प्रिंगचा काटा मात्र ओढ मोजतो, तो तिथे सहावा हिस्सा दाखवेल.

दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यातला कोणता? दिसायला तराजूचा वारस, पण जात स्प्रिंगची. आत लोड सेल असतो, म्हणजे ओझ्याखाली किंचित वाकणारा धातूचा तुकडा. तो बल मोजतो, आणि काटा ठरलेल्या आकड्याने भागून किलो दाखवतो. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच मुंबईत आणला तर तो सुमारे ०.०६ टक्के कमी दाखवेल, कारण दिल्लीत गुरुत्वत्वरण ९.७९२ च्या आसपास आहे. दहा किलोंमागे सहा ग्रॅम. भाजीवाल्याला काही फरक पडत नाही. प्रयोगशाळेत पडतो. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर १०० ग्रॅमला तोच फरक ६० मिलिग्रॅम होतो. इतकंच काय, असा काटा एक मजला वर नेला तरी १०० ग्रॅमला शेवटचा अंक साधारण एकाने हलायला हवा. म्हणून काटा हलवला की तो प्रमाणित वजन ठेवून जागेवरच पुन्हा जुळवतात.

घनता समजायची तर दगड बुडवावा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा डिजिटल काटा, काचेचा रुंद पेला आणि शिवायचा दोरा एवढं पुरतं. कोरड्या दगडाचं वजन घ्या. समजा, सह्याद्रीतला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, २८६ ग्रॅम भरला. पेल्यात अर्ध्याच्या थोडं वर पाणी घ्या, काट्यावर ठेवा, टेअर दाबून शून्य करा. मग दगड दोऱ्याने पूर्ण बुडेल असा, पण तळाला किंवा कडेला न टेकता, पाण्यात धरा. काटा १०० दाखवतो. ते दगडाचं वजन नव्हे, बाजूला सरलेल्या पाण्याचं. पाणी दगडाला जितकं वर ढकलतं तितकंच दगड पाण्याला खाली ढकलतो, आणि तो दाब काट्यावर येतो. १०० ग्रॅम पाणी म्हणजे १०० घनसेंटिमीटर. २८६ भागिले १०० म्हणजे दर घनसेंटिमीटरला २.८६ ग्रॅम, बेसॉल्टला शोभेलसं उत्तर.

बिघडतं ते बहुधा चार ठिकाणी. दगड तळाला टेकला की आकडा एकदम उडी घेतो, कारण दगडाचं उरलेलं वजनही काट्यावर आलं. दगडाला बुडबुडे चिकटले तर आकारमान जास्त येतं आणि घनता कमी; दगड बुडवलेलाच ठेवून बोटाने पुसून काढावेत. सुतळी नको, ती पाणी पिते. आणि दगड लहान नको: २० ग्रॅमच्या खड्याचं आकारमान ७ च्या आसपास येणार, त्यात अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे सात टक्के. ३० अंशांच्या पाण्याची घनता ०.९९५७ असते, पण या काट्यावर ती दुरुस्ती करत बसणं म्हणजे हौस.

हाच प्रयोग कोकणातल्या जांभ्यावर करा, खरी मजा तिथे आहे. आकडा ठरतच नाही, हळूहळू उतरत जातो आणि बुडबुडे येत राहतात. काटा बिघडलेला नसतो. पेल्यातलं पाणी जांभ्याच्या भोकांत शिरत असतं आणि तेवढं ओझं दोरा उचलत असतो. म्हणून जांभा रात्रभर दुसऱ्या भांड्यात भिजवा आणि ओल्या फडक्याने वरवर पुसा. मग त्याचं ओलं वजन घेऊन पेल्यात बुडवा. समजा कोरडा २२०, ओला २५० आणि बुडवल्यावर काट्यावर ११०. मग बाहेरून दिसणारं आकारमान ११०, पाणी पोचलं ती पोकळी ३०, उरलेला दगड ८०. घनता किती? पोकळीसकट अख्ख्या जांभ्याची २२० भागिले ११०, म्हणजे २. त्यातल्या दगडी भागाची २२० भागिले ८०, म्हणजे २.७५. दोन्ही बरोबर. भिंतीचं ओझं काढायला पहिली, दगड कशाचा आहे ते ओळखायला दुसरी. पायलीतल्या ज्वारीचंही असंच असतं, दाण्याची घनता वेगळी आणि भरलेल्या मापाची वेगळी.

एकट्या घनतेवर विसंबलं की फसगत कशी होते ते दुधात दिसतं. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात तरंगत ठेवून घनता दाखवणारी नळी. त्यावर २८ डिग्री म्हणजे पाण्याच्या १.०२८ पट. पाणी घातलं की डिग्री उतरते. पण साय पाण्यापेक्षा हलकी, ती काढून घेतली की डिग्री चढते. आधी साय काढायची, मग बेताने पाणी ओतायचं, की लॅक्टोमीटर निमूटपणे २८ दाखवतो. उलट, नुकतं काढलेलं कोमट, फेसाळ दूध शुद्ध असूनही कमी डिग्री दाखवतं. ते थोडा वेळ स्थिर ठेवावं लागतं. म्हणून संकलन केंद्रावर नुसत्या डिग्रीवर भाव ठरवत नाहीत. फॅट वेगळं काढतात, आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढायचं ते फॅट आणि डिग्री दोन्ही धरून.