वसुलीच्या महिन्यातली प्रार्थना

सोमवार

मार्च लागला की गावाची माझ्याकडे बघायची नजर बदलते. जूनमध्ये जो माणूस भर रस्त्यात गाडी थांबवून "सेक्रेटरीभाऊ, चहा घेऊन जाजा" म्हणतो, तोच आता मला लांबून पाहून बांधाकडं वळतो. त्याचा राग येत नाही. मी गटसचिव. दोन गावांच्या सेवा सहकारी सोसायट्या माझ्याकडे. पेरणीच्या तोंडावर कर्जाचे कागद मीच करतो आणि 31 मार्चच्या आत तेच पैसे मागायलाही मीच जातो.

दिवसा ते निभतं. खरी अडचण संध्याकाळची. आमच्या गावात हनुमान मंदिरासमोरच्या ओट्यावर रोज सामुदायिक प्रार्थना होते, तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली. खंजिरी, टाळ, पुढं अधिष्ठान, त्याच्यापाशी उदबत्ती. मूर्ती नाही. जातपात, वावर किती एकर, काही न बघता सगळे एका रांगेत मांडी घालून बसतात. बाबा बसायचे म्हणून मीही लहानपणापासून बसतो. त्या रांगेत माझ्या डाव्या हाताला जो बसतो, त्याच्या दारात मी दुपारी जाऊन आलेलो असतो. त्याच्या खात्यावर किती बाकी आहे ते मला पाठ आहे, आणि मला पाठ आहे हे त्याला माहीत आहे. मग दोघांनी शेजारी शेजारी डोळे मिटायचे.

आज डाव्या हाताची जागा रिकामी होती. घरी जाताना त्याचा पोरगा भेटला. म्हटलं, बाबा आले नाही? तो बेधडक म्हणाला, "बाबा म्हणते, मार्च निंगू दे, मंग जाईन."

हसू आलं, पण जेवताना घास काही नीट उतरला नाही.

मंगळवार

त्याच्याकडे गेलो, वसुलीला नाही. बैल सोडत होता. म्हटलं, ओट्यावर मी कर्जाचा शब्द काढत नाही, कधी काढला का? तो म्हणाला, "काढत नाही जी. पण तुमी बाजूले बसले का मले प्रार्थनेतले शब्दच आठोत नाही, निस्ता आकडा आठोते." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. उद्यापासून मी मागच्या ओळीत, भिंतीकडं बसेन असं सांगून आलो. त्यानं "बसा ना बाप्पा, तुमची मर्जी" म्हटलं आणि बैलांना कडबा टाकला.

बुधवार

दुसऱ्या गावात वसुली. एका काकूंकडे गेलो. नवरा गेल्यावर वारस नोंद होऊन सातबारा त्यांच्या नावावर आला आणि खातंही. अंगणात खाटेवर जावई बसलेला. पाहुण्यांपुढं, जावयापुढं, सुनेपुढं आकडा बोलायचा नाही हा माझा नेम आहे. एकादशी एखाद वेळी चुकेल, हा चुकू देत नाही. "काकू, पाणी द्या" म्हणत सैंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि हळू सांगितलं : मुद्दल इतकं. 31 च्या आत भरलं तर व्याज शून्य, कारण 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राची 3 टक्के आणि पंजाबराव देशमुख योजनेची 3 टक्के सवलत मिळते. तारीख चुकली की सवलत गेली, मग कर्ज उचललं त्या दिवसापासून व्याज लागेल.

काकूंनी तुरीच्या डाळीचा डबा खाली घेतला. डाळीत हात घालून कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी काढली, रबर लावलेली. पाचशेच्या नोटा, थोड्या शंभराच्या, सगळ्या मऊ पडलेल्या, डाळीची पावडर लागलेल्या. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "थांबा, आधी मी मोजतो." फरशीवर बसल्या. बोटाला थुंकी लावून दहा नोटा झाल्या की डब्यातला एक दाणा काढून बाजूला ठेवायचा. मध्येच जावयानं काही विचारलं, त्या विसरल्या, दाणे परत डब्यात टाकले आणि पहिल्यापासून सुरू केलं.

खिशात फोन थरथरत होता. दुपारी बारापर्यंत वसुलीचा आकडा तालुक्याला कळवायचा असतो, आणि तिथला माणूस दर दहा मिनिटांनी फोन करतो. काकूंनी तिसऱ्यांदा दाणे डब्यात टाकले.

माझी माय म्हणते, काम करता करता नाम घेत जाय. डवरा धरणाऱ्याला ते जमतं, चरखा चालवणारालाही जमत असेल. नोटा मोजताना जमत नाही. नाम घेतलं तर नोट सुटते, रोजकीर्द लिहिताना घेतलं तर संध्याकाळी शिल्लक जुळत नाही. त्यामुळं माझ्या कामात नाम कुठं बसवायचं याचा मी बराच विचार केला आहे. आता असं ठरवलंय की असल्या वेळी नाम नकोच. काकू दाणे ठेवतात तितका वेळ फोन काढायचा नाही, "द्या इकडं, मी मोजतो" म्हणायचं नाही, घड्याळाकडं बघायचं नाही. ध्यानाला बसण्यापेक्षा हे मला जड जातं. ध्यानात निदान कोणी फोन करत नाही.

रक्कम बरोबर निघाली. नोटा पिशवीत टाकायच्या आधी पावती फाडून हातात दिली, हाही नेमच. काकूंनी पावती उलटसुलट बघून त्याच डाळीच्या डब्यात टाकली.

शनिवार

सुटीचा दिवस, पण मार्चमध्ये सुटी कुठली. तरी दुपारी पडलो होतो आणि डोक्यात एकच चालू होतं.

आपल्या संतांचे धंदे बघा. कुंभार, माळी, शिंपी, न्हावी. हातानं करायची कामं, माल आणि आपण, मध्ये कोणी नाही. कर्जवसुलीला गेलेला संत शोधला तर सापडत नाही. सरकारी माणूस म्हणावा तर मंगळवेढ्याचे दामाजीपंत. त्यांनी दुष्काळात बादशहाचं कोठार उघडलं, लोकांनी धान्य नेलं, आणि पांडुरंगानं स्वतः जाऊन भरणा केला म्हणतात. आमच्या लेखापरीक्षकाला ते चालायचं नाही. तो विचारेल, भरणा करणाऱ्याची सही कुठं आहे?

सगळ्यात जास्त छळतात ते तुकोबा. घरी महाजनकी, सावकारी. दुष्काळ बघितल्यावर त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. लहानपणी कीर्तनात हे ऐकलं की अंगावर काटा यायचा. या कामाला लागल्यावर त्यातली दुसरी बाजू ध्यानात आली. सांगतात की त्यांनी खतांचे आधी दोन वाटे केले, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपला तेवढा बुडवला. दुसऱ्याचं सोडून देण्याचा हक्क त्यांनी घेतला नाही. माझ्या कपाटातलं एकही खत माझं नाही. संस्थेचं आहे, आणि संस्था म्हणजे हेच सभासद, ज्यांचे भाग त्यात अडकलेत. मी दया दाखवून एकाचं सोडलं तर ते शेजाऱ्याच्या खिशातून सोडलेलं असतं.

आणि गाडगेबाबा? ते तर या धंद्याच्या मुळावरच घाव घालतात. शेंडगावचा देबू लहानपणी मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडं वाढला आणि सावकारी घराला कशी खाते ते त्यानं तिथं बघितलं. पुढं आयुष्यभर कीर्तनात सांगत फिरले की लग्नाला, तेरवीला, देवाच्या नवसाला कर्ज काढू नका. बियाण्याला, खताला काढायचं की नाही हे त्यांना विचारायला हवं होतं. आमच्याकडं पीककर्ज उचलून पोरीच्या लग्नात घालणारे कमी नाहीत, आणि मला ते अर्ज भरतानाच कळतं. रकान्यात "कापूस" लिहितो.

मागं एका प्रशिक्षणात ताण कमी करायचा तास होता. डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या, मन शांत करा. वाईट नव्हतं, पाठ मोकळी झाली. पण वसुलीला जाणाऱ्याचं मन फार शांत झालं तर मला त्याचीच भीती वाटते. सहकार कायद्यातल्या कलम 101 ची वसुलीची नोटीस कोणाच्या हातात देताना माझा हात जरासुद्धा अडला नाही, तर इतक्या वर्षांच्या प्रार्थनेनं मला काय दिलं? तुकडोजी महाराजांनी प्रार्थना सांगितली ती गाव झाडण्याबरोबर, विहीर साफ करण्याबरोबर सांगितली. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारला तेव्हापासून ते दोन्ही एकाच दिनक्रमात बसवलेलं आहे. पुण्यतिथीला तिथं संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो लोक उभे राहून मौन धरतात. मीही एकदा त्या गर्दीत उभा होतो. सगळं थांबलं, आणि मौन संपल्यावर पहिला आवाज आला तो महाप्रसादाच्या भांड्यांचा. मला ते फार आवडलं होतं.

तर माझं काय आहे, जे मी सोडू किंवा देऊ शकतो? खतं माझी नाहीत, व्याज माझं नाही, माफी माझ्या हातात नाही. माझी आहे ती जीभ. आणि कर्ज घेणाऱ्या माणसाला जिभेनं किती लुबाडता येतं, हे या खात्यात नवीन आलेल्याला कळत नाही.

मंगळवार, 31 मार्च

सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत. वसुली चांगली झाली. कागदावर चांगली झाली.

नवं-जुनं म्हणतात त्याला. जुनं कर्ज आज भरायचं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये नवं मिळतं. भरायला पैसे नाहीत, कारण आवंदा सोयाबीन पाण्यात गेलं आणि कपाशीवर लाल्या आला. मग खाजगीतून उचलायचे. 2014 च्या कायद्यानं सावकारीला परवाना लागतो, पण गावातला हा माणूस स्वतःला सावकार म्हणवतच नाही. तो "मदत" करतो. शेकडा तीन रुपये महिना, आणि महिना लागला की पूर्ण मोजायचा, मग चार दिवस का होईनात. एका सभासदानं 1 लाख 20 हजार असे आणले. म्हणजे महिन्याला 3600. आमचं कर्ज बिनव्याजी, आणि ते बिनव्याजी राहावं म्हणून हे 3600. नोटा नव्या, करकरीत, पट्टी न सोडलेल्या. त्या बघूनच मला कळलं कुठून आल्या. त्यालाही कळलं की मला कळलं.

मी भरणा घेतला. न घेऊन काय करणार होतो? तो थकीत झाला असता तर सवलत गेली असती आणि नवं कर्जही.

पावती घेताना त्यानं विचारलं, "नवीन कधी पडन जी?"

हा प्रश्न. या प्रश्नाला आमच्या खात्यात एक ठरलेलं उत्तर आहे : "होते आठ-दहा दिवसांत." माणूस खूश होऊन भरतो, वसुलीचा टक्का वाढतो. आठ-दहा दिवसांच्या हिशोबानं तो सावकाराशी बोलून आलेला असतो. मंजुरी लांबली, कर्जमर्यादेच्या (क.म.) पत्रकात काही निघालं, बँकेत रोख आली नाही, की दुसरा महिना लागतो आणि आणखी 3600 जातात. एकाही कागदावर हा खर्च कोणाच्या नावे पडत नाही.

म्हटलं, "मले माहीत नाही. मागच्या साली मे उजाडला होता. तुमी दोन महिने धरूनच चाला."

त्याचं तोंड उतरलं. रांगेतले दोघं मागं सरकले, बाहेर जाऊन एकमेकांशी कुजबुजले. एक जण परत आला, एक आलाच नाही. म्हणजे माझ्या खरं बोलण्यानं एक खातं थकलं. संध्याकाळी आकडा कळवला तेव्हा पलीकडून विचारणा झाली की अमुक खातं कसं राहिलं. "सभासद आले नाहीत" एवढंच सांगितलं, आणि तेही खरंच होतं. ज्यांच्या पगाराची सोय संस्थेच्या उत्पन्नातून होते त्यांनी असं वागावं का, हा बायकोचा प्रश्न आहे. तिचंही चुकत नाही. पोराची फी जूनमध्ये आहे.

बुधवार, 1 एप्रिल

डाव्या हाताचा माणूस आज प्रार्थनेला आला. मार्च निंगला. मी भिंतीकडं बसलो होतो. तर त्यानंच हात करून पुढं बोलावलं. बसलो. त्याचा भरणा 28 तारखेला झाला होता, तूर विकून.

प्रार्थना संपून ओट्यावरून उतरताना कालचा तो 1 लाख 20 हजारवाला चप्पल शोधत होता. माझ्याकडं न बघताच, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, "पयला सेक्रेटरी बरा होता. तो निदान परवा-तेरवा तरी म्हणत जाय."

ओट्यावर कर्जाचं बोलायचं नाही हा नेम माझा, त्याचा नाही. काही बोललो नाही. त्याचे कागद पहिल्या गठ्ठ्यात लावलेत. उद्या तालुक्याला जायचं आहे, साडेदहाच्या आत पोचलं तर साहेब भेटतात.