लिंकन्स इन फील्ड्सवरचं १३ नंबरचं घर

लंडनमध्ये हॉलबर्न स्टेशनला उतरलं की लिंकन्स इन फील्ड्सचं मोठं मैदान चालत अगदी जवळ आहे. त्याच्या उत्तरेला एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग आहे. त्यात १३ नंबर शोधावा लागत नाही. दोन्ही बाजूंना साधी विटांची घरं आणि मधलं हे एकटंच पोर्टलंडच्या दगडात, रस्त्याकडे थोडं पुढे आलेलं.

हे घर सर जॉन सोन यांचं, आता ते संग्रहालय आहे. सोन गवंड्याचे चिरंजीव, पुढे बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद झाले. त्यांनी १७९२ मध्ये १२ नंबर घेतलं आणि पाडून नव्यानं बांधलं. मग १३, मग १४. दगडी दर्शनी भाग १८१२ चा. तो नियमापेक्षा पुढे आलाय म्हणून खटला झाला, पण सोन जिंकले. आज जिथे काचा दिसतात तिथे आधी उघडे सज्जे होते. ते त्यांनीच नंतर बंद केले आणि आतल्या खोल्या तेवढ्या वाढवून घेतल्या.

अशा घराची खरी अडचण उजेडाची. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, खिडक्या फक्त पुढे आणि मागे, म्हणजे मधल्या खोल्यांत अंधार. सोननी उजेड छतातून आत घेतला. न्याहारीच्या खोलीत मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. खोली लहानशी. वर उथळ घुमट, पण तो भिंतींपर्यंत पोचतच नाही. घुमट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, दिसत नसलेल्या झरोक्यांतून पिवळसर उजेड खाली झिरपतो. घुमटाच्या कोपऱ्यांत छोटे फुगीर आरसे बसवलेत. त्यातल्या एकात मान वर करून पाहिलं, तर सगळी खोली माझ्यासकट नखाएवढी होऊन बसलेली! एवढ्याशा जागेत माणूस आकाश कसं आणतो, ते तिथं कळलं.

चित्रांच्या खोलीत तर भिंतीच दारांसारख्या उघडतात. तिथल्या मदतनीस बाईंनी एक फळी ओढली, मागे चित्रांचा दुसरा थर. तीही उघडली, तर समोर भिंत नाहीच, थेट खालच्या मजल्यावर नजर जाते. शंभरावर चित्रं या एका खोलीत मावतात ती अशी. तळघरात इजिप्तचा प्राचीन राजा सेती पहिला याची दगडी शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमनं नको म्हटल्यावर १८२४ मध्ये सोननी ती २००० पौंडांना घेतली आणि आत आणायला घराची मागची भिंत फोडली.

मुलाशी त्यांचं जमलं नाही. घर त्याच्या हाती जाऊ नये म्हणून १८३३ मध्ये त्यांनी संसदेकडून कायदाच करून घेतला: घर शक्यतो आहे तसंच ठेवायचं. आयुष्यभर भिंती हलवणाऱ्या माणसानं शेवटी घराला हात लावू नका म्हणावं, हे मला फार हृद्य वाटलं.

तरी हात लागलेच. मागच्या चौकातला, तुकडे रचून केलेला उंच स्तंभ १८९६ मध्ये उतरवला गेला होता. २००४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. निघण्याआधी मी परत न्याहारीच्या खोलीत गेलो आणि खिडकीतून तो पाहिला, तेव्हा त्याच्या माथ्यावर ऊन होतं.