मेहुण्याचा टेम्पो आणि काजळीची गाळणी

माझा मेहुणा नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेतो. त्याचा टेम्पो २०११ सालचा, म्हणजे बीएस-३ काळातला (गाड्यांच्या धुरावरच्या जुन्या, सैल सरकारी मर्यादांच्या काळातला) आहे. पासिंगची तारीख जवळ आली तेव्हा त्याने फोन करून विचारले, "दाजी, नव्या गाड्यांना असती ती धुराची जाळी आपल्या गाडीला बसवून मिळत नाही का?" मी डिझेल इंजिनांच्या चाचणीघरात बरीच वर्षे काढली असल्यामुळे हो किंवा नाही असे उत्तर तिथल्या तिथे मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती. ते मला देता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तो जिला जाळी म्हणतो ती खरे तर सिरॅमिकची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वीट असते. तिच्यातल्या शेजारशेजारच्या नळ्यांपैकी एकीचे मागचे तोंड बुजवलेले असते आणि दुसरीचे पुढचे, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी भिंतीवर राहते. चांगली गाळणी वजनाच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांहून अधिक काजळी अडवते. काजळी अडवणे हा भाग फारसा अवघड नाही. अडवलेल्या काजळीचे पुढे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. ती साचत राहिली तर इंजिनाला श्वास सोडता येत नाही, ओढ कमी होते आणि डिझेल जास्त जळते. म्हणून ती गाळणीतच जाळावी लागते. नुसत्या प्राणवायूवर ती जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि मालवाहू गाडीच्या धुराचे तापमान तिथवर क्वचितच जाते. यावरची युक्ती अशी की, गाळणीच्या आधी प्लॅटिनमचा लेप असलेला उत्प्रेरक बसवतात. तो धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड करतो आणि त्या वायूच्या संगतीत काजळी २५० ते ३५० अंशांनाही जळू लागते.

या युक्तीचा जुना शत्रू म्हणजे डिझेलमधले गंधक, कारण त्यामुळे उत्प्रेरक निकामी होत जातो. हा टेम्पो रस्त्यावर आला तेव्हा देशाच्या बहुतेक भागात विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ या कडक मर्यादा लागू झाल्या तेव्हापासून ही मर्यादा १० वर आली आहे. नव्या गाड्यांच्या कौतुकात एक गोष्ट झाकली गेली, ती ही की हे स्वच्छ इंधन त्याच पंपावर जुन्या गाड्यांच्या टाकीतही पडू लागले. गाळणी बसवायची म्हटले की "आपल्याकडच्या डिझेलवर ती टिकणार नाही" हे उत्तर मी स्वतः अनेकदा दिले आहे; आता ते देता येत नाही.

जुन्या गाड्यांना गाळण्या बसवण्याचे काम एखाद्या महानगराने मोठ्या प्रमाणावर करून दाखवल्याचे उदाहरण म्हणजे टोकियो. तिथले तेव्हाचे राज्यपाल शिंतारो इशिहारा पत्रकार परिषदेत काजळीने भरलेली पाण्याची बाटली हलवून दाखवत आणि टोकियोतल्या डिझेल गाड्या रोज अशा १,२०,००० बाटल्या भरतील इतकी काजळी सोडतात, असे सांगत. मनुष्य वादग्रस्त होता, पण बाटलीची कल्पना अचूक होती, कारण हवेतल्या मायक्रोग्रॅमचे आकडे कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे करत नाहीत. डिसेंबर २००० मध्ये अध्यादेश संमत झाला आणि १ ऑक्टोबर २००३ पासून टोकियोसह सैतामा, चिबा आणि कानागावा या शेजारच्या प्रांतांत मर्यादेपेक्षा जास्त काजळी सोडणाऱ्या डिझेल ट्रक आणि बसना बंदी आली. पहिल्या नोंदणीपासून सात वर्षांची सवलत होती. त्यानंतर मालकाने गाडी बदलावी किंवा मान्यताप्राप्त उपकरण बसवून घ्यावे, असे दोन मार्ग होते; त्यासाठी अनुदान मिळत असे आणि रस्त्यावर तपासणीस उभे असत. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, तेल कंपन्यांनी मूळ मुदतीच्या आधीच, एप्रिल २००३ पासून, ५० भाग गंधकाचे डिझेल पुरवायला सुरुवात केली होती. म्हणजे गाळणीच्या सक्तीआधी इंधन आले. आपल्याकडे इंधन येऊन काही वर्षे झाली आणि जुन्या गाड्यांना गाळणी बसवण्याचा विषय क्वचितच निघतो.

त्याच टोकियोत नोव्हेंबर २००४ मध्ये उघडकीला आले की, मित्सुई या बड्या व्यापारी कंपनीने आपल्या गाळणीला मान्यता मिळवताना चाचणीचे खोटे आकडे सादर केले होते. तोपर्यंत अशा सुमारे २१,५०० गाळण्या विकल्या गेल्या होत्या आणि अनेकांवर सरकारी अनुदानही दिले गेले होते. चाचणीघरात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष लागते. गाडीवाल्याने पैसे भरले, प्रमाणपत्र घेतले, काचेवर स्टिकर लावला, आणि त्याच्या सायलेन्सरमधून काय बाहेर पडते आहे ते त्याला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

आपली पीयूसी चाचणी तरी ते कळू देते का? गाडी जागेवर उभी ठेवून, गिअर न टाकता इंजिन रेटतात आणि धूर प्रकाश किती अडवतो ते ती मोजते, त्यामुळे काळाकुट्ट धूर ओकणारी गाडी, चाचणी प्रामाणिकपणे झाली तर, सापडते. पण गाळणी फोडून पोकळ केलेली नवी गाडी त्यातून आरामात सुटू शकते, कारण नव्या इंजिनाचे कण डोळ्याला आणि प्रकाशाच्या झोताला जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने त्याच वर्षीच्या जुलैपासून गाड्यांच्या ठरावीक मुदतीने होणाऱ्या तपासणीत कणांची संख्या मोजणारी यंत्रे आणली. दिल्लीत मात्र दहा वर्षांच्या डिझेल गाडीची वाट वयावरून अडवण्याचा मार्ग निवडला गेला. वय कागदावर दिसते आणि धूर मोजावा लागतो, एवढेच त्याचे कारण असावे, असे माझे मत आहे.

आता मेहुण्याच्या टेम्पोकडे येतो. नारायणगावहून आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाड, कल्याणमार्गे वाशी गाठायची, हा त्याचा रस्ता. यात गंमत अशी आहे की गाडी भरलेली असते तेव्हा घाट उतार असतो आणि चढ असतो तेव्हा गाडी रिकामी असते. म्हणजे धूर तापायला लागणारा भार इंजिनावर फारसा पडतच नाही, आणि कल्याणपुढच्या कोंडीत तर सायलेन्सर गारच पडतो. त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून आम्ही धुराच्या नळीत तापमापक बसवून घेतला आणि दोन फेऱ्या मी शेजारच्या सीटवर वही घेऊन बसलो. काजळी आपोआप जळण्याजोगा काटा परतीच्या घाटातच काय तो वर गेला. उरलेला सगळा वेळ तो खालीच रेंगाळत होता. अशा गाडीला उत्प्रेरकवाली गाळणी लावली असती तर काही आठवड्यांतच ती चोंदली असती, आणि मग ती काढून फेकण्याचा सल्ला पहिल्याच गॅरेजमध्ये मिळाला असता. बाहेरून उष्णता देऊन काजळी जाळणाऱ्या गाळण्याही असतात, पण त्यांची किंमत आणि या टेम्पोची आजची किंमत शेजारी ठेवून पाहण्यात अर्थ नाही. नुसता ऑक्सिडेशन उत्प्रेरक स्वस्त पडतो आणि धुराचा उग्र वास व तेलकट भाग कमी करतो, मात्र कोरडी काळी काजळी त्यातून जवळजवळ तशीच निघून जाते. सीएनजीचा विचारही झाला. पण डिझेल इंजिनाचे दाबगुणोत्तर (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) उतरवायचे, नोझलच्या जागी स्पार्क प्लग आणायचा आणि आरसी बुकावर बदल नोंदवायचा, म्हणजे इंजिन नव्याने बांधण्यासारखेच आहे.

शेवटी पंप आणि नोझलचे काम करून घेतले, एअर फिल्टर बदलला आणि एका जागी फाटलेली हवेची होज बदलली. चढावर ॲक्सिलरेटर दाबताच सुटणारा काळा लोट त्याने बराच कमी झाला. ही काही गाळणी नव्हे, हे मी त्याला दोनदा सांगितले. पासिंग झाले. तापमापक परत करायला निघालो तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी, मिस्त्रीला पैसे देतो मी. घाट चढताना काटा बघायची सवय लागलीय."