मोटरहोमच्या टाकीचा वास, नागपूरचा मे महिना आणि आमची खटपट

मोटरहोम, म्हणजे राहता येईल अशी गाडी, बनवून देणारे लोक तुम्हाला बेड दाखवतात, किचन दाखवतात, सोलर दाखवतात, लाईट लावून सीलिंगसुद्धा दाखवतात, पण संडासाच्या टाकीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि घेणाराही विचारत नाही कारण आपल्याला तो विषय काढायचीच लाज वाटते. म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकावं.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर मिनीबस, आतून बदलून घेतलेली. मला त्यात बाकी काही नसतं तरी चाललं असतं पण संडास पाहिजेच होता, कारण सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना ढाब्यामागच्या भारतीय बैठकीवर बसता येत नाही, आणि हायवेवर बायकांचे काय हाल होतात ते बायकांनाच माहीत. तर गाडीखाली दोन टाक्या बसवल्या, एक संडासाची, तिला ब्लॅक टाकी म्हणतात, आणि दुसरी बेसिन, किचन आणि बाथरूमच्या पाण्याची, ती ग्रे टाकी. कमोड छोटा, पायाने पॅडल दाबलं की खालची झडप उघडते आणि सगळं सरळ खालच्या टाकीत पडतं. घरच्या कमोडसारखं मध्ये वळणात पाणी साचून राहत नाही, ती एक झडप आणि तिच्या भोवतीचं रबर एवढाच काय तो पडदा.

हिवाळ्यात सगळं झकास चाललं, रामटेक, खिंडसी, पेंच, कुठे काही वास नाही. मग उन्हाळा आला. वाघ बघायचा तर आपल्याकडे लोक एप्रिल-मेमध्येच ताडोबाला जातात, पाणवठ्यावर येतात म्हणून, आणि आम्हीही गेलो, आणि परत येताना गाडीत असा वास की भाचा म्हणाला "मामी, इथं काय मरून पडलं का बे?" मामीला बे म्हणतो, ते सोडा.

आता नागपूरचं ऊन काही नवीन नाही, २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत गेला होता पारा, आणि दरवर्षी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, पंचेचाळीसच्या आसपास तर धरूनच चालायचं. पण गाडीखालची टाकी म्हणजे वरून पत्रा तापलेला, खालून डांबर तापलेलं, बाजूने सायलेन्सर गेलेला. अशा गरमीत आतला मैला हवेशिवाय जोरात कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाईड निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच, शिवाय लघवीचा अमोनिया, शिवाय मिथेन, ज्याला वास नसतो पण पेट घेतो. म्हणजे हा नुसता नाकाचा प्रश्न नाही. हायड्रोजन सल्फाईडचं तर असं आहे की तो जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, म्हणून "आता कमी झाला वाटतं" यावर भरवसा ठेवू नये, आधी खिडक्या उघडाव्यात.

सल्ले सुरू झाले. दिरांनी सांगितलं काळं फिनाईल ओत. शेजारच्या काकूंनी डांबरगोळ्या आणून दिल्या. कोणी म्हणालं ॲसिड टाका, कोणी म्हणालं ब्लीचिंग पावडर टाका, आणि एकाने तर दोन्ही टाका म्हणून सांगितलं. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ब्लीचिंग लघवीच्या अमोनियात मिसळलं तरी विषारी वायूच होतो, तेव्हा बंद गाडीत हा उद्योग कोणी चुकूनही करू नका. मला एकच कळत होतं की टाकीत घाण आहे म्हणजे वास असणारच, तो टाकीत राहू दे, माझा प्रश्न तो गाडीत कुठून येतो हा आहे.

तर सगळ्यात आधी गॅसची शेगडी बंद करून, सिलिंडर खाली उतरवून, दार-खिडक्या उघडून गाडी चांगली हवेशीर केली, कारण एलपीजीत जे वासाचं द्रव्य घालतात तेही गंधकाचंच असतं आणि दोन्ही वासांत गल्लत होते. शिवाय टाकी रिकामी करून, धुऊन, पाणी भरून ठेवली, म्हणजे मिथेनचा धोका नको. मग परत सगळं बंद केलं, छतावरचा एक्झॉस्ट पंखा लावला आणि एक अगरबत्ती घेऊन बाथरूममध्ये बसले. सासूबाई बाहेरून विचारतात, "काय गं, संडासाची पूजा करून राहिली का?" पण खरंच, अगरबत्तीचा धूर सगळं सांगतो. कमोडच्या झडपेजवळ धरली तर धूर सरळ वर गेला, म्हणजे रबर ठीक. पॅडल दाबलं आणि काय, धुराची रेघ एकदम भांड्यातून वरच्या बाजूला फेकल्यासारखी उडाली, पंख्याकडे. म्हणजे पंखा गाडीतली हवा बाहेर ओढतो, त्याला बदल्यात कुठून तरी हवा पाहिजे, खिडक्या बंद, मग झडप उघडली की तो टाकीतलीच हवा ओढून घेतो. आम्ही सगळे वास जावा म्हणून आधी पंखा लावायचो आणि मग फ्लश करायचो! त्यानंतर भाच्याने दारावर आतून कागद चिकटवला, "आधी पंखा बंद, मग पाय दाबा, मग खिडकी, मग पंखा". आहे अजून तो कागद.

मग अगरबत्ती खाली बाथरूमच्या जाळीजवळ नेली. तिथून पण हवा वर येत होती. खाली नहाणी ट्रॅप आहे, त्यात पाणी साचलेलं असलं की खालच्या टाकीचा वास अडतो, पण गाडी उन्हात उभी राहिली की ते एवढंसं पाणी उडून जातं, आणि गाडी खडबडीत रस्त्यावर आदळली की हिंदकळूनही जातं. ट्रॅप कोरडा म्हणजे ग्रे टाकीचं तोंड सरळ बाथरूममध्ये उघडं. यावर उपाय अगदी फुकटचा, गाडी उभी ठेवायची असेल तर प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर गोडंतेल, तेल वर तरंगतं आणि पाणी उडू देत नाही. घरी उन्हाळ्यात गावाला जाताना सुद्धा हे करून बघा.

एवढं करूनही एक गोष्ट छळत होती. टाकी रिकामी असताना काही नाही आणि अर्ध्याच्या वर भरली की वास सुरू, पॅडल दाबलं की भांड्यातून फसकन हवाच वर यायची. हे मला काही सुटेना. आमच्याकडे एक प्लंबर आहेत, नागपूरला लागून असलेल्या वाडीला ट्रकबिकची कामंही करतात, त्यांना बोलावलं. ते सकाळी सहाला आले कारण नंतर छताच्या पत्र्याला हात लावता येत नाही. ब्लॅक टाकीतून एक पीव्हीसी पाईप भिंतीतून वर छतावर गेलेला असतो, वायू बाहेर जायला, व्हेंट. त्यांनी वरचं काऊल, म्हणजे पाईपाच्या तोंडावरची टोपी, काढलं, मेजरिंग टेप पाईपातून खाली सोडली, टोक पाण्याला लागेपर्यंत, मग वर ओढून बघितलं तर टेप ओली. मग खाली येऊन टाकीची उंची मोजली, पाईपाची लांबी मोजली, पाटीवर नाही तर हातावरच पेनने हिशोब केला आणि म्हणाले, "ताई, पाईप त बराबर आहे, पण टाकीत असा खोल घुसवला ना बनवणाऱ्यानं की टाकी भरली का त्याचं तोंड पाण्यात बुडते. मंग हवा कुठून जाईन? तुमच्या भांड्यातूनच येईन ना."

हे ऐकून मी गपगारच झाले. पाईपाचं खालचं टोक टाकीच्या वरच्या पृष्ठभागाच्या जेमतेम आत पाहिजे, आमचा चांगलाच आत गेलेला. ज्याने गाडी बनवली त्याने पाईप कापायचा कंटाळा केला असणार, दुसरं काय. प्लंबरभाऊंनी तो वर ओढून कापला, जिथे टाकीत शिरतो तिथे नवीन ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, बसवलं, सिलिकॉन भरलं, आणि छतावरचं तोंड एक्झॉस्ट पंख्याच्या अगदी शेजारी होतं ते एल्बो लावून मागे नेलं. त्यांनी पैसे सांगितले ते ऐकून मी वर थोडे जास्तच दिले, कारण आधी बनवणाऱ्याला फोन केला होता तर तो म्हणे "मॅडम, संडास म्हटलं की वास येणारच."

खरं सांगते, अर्ध्याहून जास्त वास त्या एका कापलेल्या पाईपाने गेला, कुठलंही औषध न टाकता.

राहिला पाण्याचा भाग. आपण विदर्भातले लोक, उन्हाळ्यात पाणी जपून वापरायचं हे हाडात भिनलेलं, त्यामुळे गाडीत सगळे एवढंसं पाणी टाकून मोकळे. इथे ते उलटं पडतं. पाणी कमी असलं की घट्ट भाग भांड्याच्या बरोबर खाली साचून त्याचा ढीग होतो, वाळतो, आणि मग निघता निघत नाही. तर टाकी रिकामी केली की लगेच बादलीभर पाणी आत ओतायचं, कोरडी कधीच ठेवायची नाही, आणि बाहेरचा सोडायचा व्हॉल्व्ह कायम बंद, निदान दोन तृतीयांश भरेपर्यंत. काही लोक कुठे जोडून ठेवून तो उघडाच ठेवतात, मग पातळ पाणी निघून जातं आणि घट्ट मागे राहतं, त्यापेक्षा वाईट काही नाही. आपण जेट वापरतो, टिश्यू नाही, हे या बाबतीत आपल्या फायद्याचं आहे, पाणी आपोआप जास्त जातं. टाकी लवकर भरते ही तक्रार नवऱ्याची असते, मी म्हणते भरू दे, रिकामी करायचं काम तुमचंच आहे.

औषधाचं म्हणाल तर बाहेरच्या देशात पूर्वी फॉर्मल्डिहाईडचं निळं औषध सर्रास वापरत, ते जिवाणूच मारून टाकतं म्हणून वास थांबतो, पण तेच पाणी कोणाच्या सेप्टिक टँकमध्ये सोडलं तर तिथले कामाचे जिवाणूही मरतात. मी सेप्टिक टँकसाठी मिळते ती जिवाणूंची पावडर वापरते. कोमट पाण्यात भिजवून, नळाचं पाणी असेल तर आदल्या रात्री बादलीत उघडं ठेवून, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो, मग टाकीत. यावर फिनाईल किंवा टॉयलेट क्लीनर ओतला की पैसे पाण्यात, म्हणून भांडं फक्त साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. ॲसिडवाल्या क्लीनरने झडपेचं रबरही जातं. रबराला मधूनमधून सिलिकॉन ग्रीस लावावं, व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. मे महिन्यात पावडर थोडी जास्त लागते हा माझा अनुभव, आणि गाडी झाडाखाली लावली तर नेहमीएवढीच पुरते.

एवढं सगळं झाल्यावर एक दिवस दुपारी गाडी अंगणात उभी, टाकी धुऊन रिकामी, ट्रॅपात पाणी, आणि तरी सडक्या अंड्याचा वास! मला रडूच यायचं बाकी होतं. पण वास बाथरूमकडे नव्हता, बेडखाली होता. बेडखाली बॅटरी. हात लावला तर चटका. सोलरचा चार्जर गरमीत तिला गरजेपेक्षा जास्त चार्ज करत होता आणि लेड-ॲसिड बॅटरी ओव्हरचार्ज झाली की तिच्यातूनही हाच वायू निघतो. हे मला बॅटरीवाल्याने सांगितलं, चार्जरचं सेटिंग खाली आणलं, पण बॅटरीची एक बाजू फुगलेलीच होती म्हणून बदलून घेतली, आणि नवीनच्या कप्प्याला बाहेरच्या बाजूने जाळी काढली. तेव्हा वास आला की लगेच बिचाऱ्या संडासावर आळ घेऊ नका.

ग्रे टाकीला लोक साधं पाणी समजतात, पण माझ्या मते ती ब्लॅकपेक्षा जास्त त्रास देते. सावजी रस्सा खाल्लेली ताटं धुतली की ती सगळी तर्री टाकीत जाऊन भिंतीला थर धरते, त्यात दूध, चहाचा चोथा, भात, आणि दोन दिवसांत असा आंबूस वास की विचारू नका. आता ताटं आधी पोळीच्या तुकड्याने किंवा जुन्या पेपरने पुसायची, सिंकला बारीक जाळी, आणि परतीच्या प्रवासात बादलीभर गरम पाण्यात भांड्याचा लिक्विड साबण घालून टाकीत सोडायचं, वर्धा रोडचे हेलकावे ते आतून घुसळून काढतात.

रिकामी करायला आपल्याकडे खास सोय अशी नाही. आमच्या घराला गडर लाईन, म्हणजे सांडपाण्याची लाईन, आहे, कंपाऊंडमधल्या आमच्याच चेंबरमध्ये जाड होजपाईप लावून सोडतो, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईपही धुऊन निघतो. हातमोजे घालायचे, पोरांना लांब ठेवायचं. बाहेरगावी असू तर रिसॉर्टवाल्याला आधी फोन करून विचारतो, सेप्टिक टँकमध्ये सोडू द्याल का, आणि औषध जिवाणूंचं आहे हे सांगितलं की बहुतेक जण हो म्हणतात, वर दोनशे-तीनशे रुपये दिले की चहापण पाजतात. नाल्यात किंवा शेताच्या कडेला सोडणारे पाहिलेत मी, नाग नदीचं काय करून ठेवलंय ते रोज बघूनसुद्धा. आणि कोणी नाहीच म्हणालं तर सेप्टिक टँक उपसणारी सक्शनची गाडी बोलवायची, ते लोक टाकी एवढीशी बघून हसतात, पण येतात.