आमच्या गावाचे नाव बंगालच्या अंगाईत

रेडिंगहून लंडनला जाणाऱ्या एलिझाबेथ लाइनच्या गाडीत मी सकाळी साधारण तासभर बसतो आणि त्या तासात इतिहासावरच्या एखाद्या पुस्तकाच्या लेखकाची मुलाखत ऐकतो. गेल्या महिन्यात अशाच एका सकाळी कानातल्या आवाजाने ‘नॅगपोर’ असा काहीसा उच्चार केला, आणि हे आपलेच नागपूर आहे हे माझ्या लक्षात यायला दोन क्षण लागले. विषय पलाशीच्या, म्हणजे प्लासीच्या, लढाईआधीच्या बंगालचा होता. लेखिका सांगत होत्या की १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरचे घोडदळ पुन्हा पुन्हा बंगालवर चालून येत होते, गावे जळत होती, विणकर माग टाकून नदीपलीकडे पळत होते, आणि त्या स्वारांची धास्ती एवढी होती की बंगालमधल्या आया आजही मुलांना झोपवताना त्यांचे नाव घेतात. समोरच्या बाकावर एक गृहस्थ केळे खात होते. माझ्या कानात काय चालले आहे ते त्यांना ऐकू येणे शक्यच नव्हते, तरीही मी गळ्यातले ओळखपत्र हळूच उलटे केले.

नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, ते नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. आपल्या लेखी पहिले रघूजी भोसले म्हणजे ‘सेनासाहेबसुभा’ या किताबाचे मानकरी, नागपूरकर भोसल्यांचा दरारा पार कटकपर्यंत पोहोचवणारे. त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर म्हणजे दगाफटक्याने मारले गेलेले वीर. बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने १७४४ मध्ये तहाच्या बोलणीसाठी त्यांना तंबूत बोलावले आणि सोबतच्या सरदारांसह त्यांची कत्तल केली, ही गोष्ट मला शाळेपासून माहीत होती. त्या तंबूत जाण्यापूर्वीची दोन वर्षे भास्करपंत बंगालमध्ये नेमके काय करत होते, हे मात्र मी कधी कोणाला विचारले नव्हते आणि कोणी आपणहून सांगितलेही नव्हते. त्यामुळे पहिली दहा मिनिटे मी मनातल्या मनात त्या लेखिकेशी भांडत होतो. चौथाई हा त्या काळचा राज्यकारभारच होता, इंग्रजांनी पुढे त्याच बंगालचे काय केले ते सांगा, वगैरे वगैरे.

मग मुलाखत घेणाऱ्याने एक साधा प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नासाठीच हा सगळा लेख लिहीत आहे. लेखिकेने नुकतेच सांगितले होते की या स्वाऱ्यांत चार लाख माणसे मेल्याचा आकडा अनेक पुस्तकांत आढळतो. त्यावर तो म्हणाला, हा आकडा आला कुठून? लेखिकेला या प्रश्नाचा राग आला नाही. उलट त्यांना आनंदच झाल्यासारखे वाटले. तो आकडा डच कंपनीच्या बंगालमधल्या प्रमुखाचा अंदाज आहे, असे त्या म्हणाल्या. मग या माणसाला वखारीत बसून काय दिसत असेल आणि काय दिसणे शक्य नसेल, रेशीम व कापडाचा व्यापार बसल्यामुळे मालकांना तोटा समजावून सांगताना आकडा फुगवण्याची त्याला काय गरज असेल, आणि एवढे सगळे वजा केल्यावरही गावेच्या गावे ओस पडल्याचे इतर कागद काय सांगतात, यावर त्या जवळजवळ वीस मिनिटे बोलल्या. माझ्या मनातल्या वकिलाला जो मुद्दा काढायचा होता तो त्यांनी स्वतःच काढला होता, आणि तो काढूनही आरोप जागच्या जागी राहिला होता.

पुढे गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्याचा विषय निघाला. त्याच काळातल्या एका बंगाली कवीने आपल्यावर, म्हणजे आपल्याविरुद्ध, एक पुराण रचले आहे हे मला त्या गाडीत कळले. त्यातली मांडणी विलक्षण आहे. पृथ्वीला पापाचा भार सहन होईना, तेव्हा शंकराने नंदीला पाठवून शाहू राजांच्या मनात प्रेरणा उत्पन्न केली आणि त्यातून मराठे बंगालवर आले, अशी सुरुवात होते. म्हणजे ज्याचे गाव लुटले गेले त्याच कवीने लुटारूंना देवाचे दूत ठरवले. पण हे दूत ब्राह्मण आणि वैष्णवांनाही सोडत नाहीत असे दिसल्यावर भवानी त्यांच्यावर उलटते आणि भास्करपंतांचा अंत ओढवतो. १७४२ च्या सप्टेंबरात भास्करपंतांनी काटव्याजवळ थाटामाटाने दुर्गापूजा मांडली होती, आणि पूजा पुरी व्हायच्या आत अलीवर्दीखानाने छापा घातल्याने ती अर्धवट टाकून त्यांना निघावे लागले, हेही मी तेव्हाच ऐकले. लुटायला गेलेला कोकणस्थ सरदार बंगालमध्ये जाऊन बंगाल्यांचीच देवी बसवतो, ही गोष्ट आमच्या शाळेत सांगितली असती तर निदान मी तरी इतिहासाच्या तासाला झोपलो नसतो.

त्या दिवशी पॅडिंग्टन आले आणि मी उतरलोच नाही. पुढच्या स्थानकावरून परत फिरलो. कार्यालयात उशीर होण्याचे कारण म्हणून ‘गाडीचा घोटाळा’ असे सांगितले, जे या देशात नेहमीच खपते.

अशा मुलाखती आता पुष्कळ आहेत. ‘न्यू बुक्स नेटवर्क’वर अभ्यासकांनी लिहिलेल्या, एरवी दोन-चारशे लोकांनीच वाचले असते अशा ग्रंथांवर तासतासभर शांतपणे बोलतात. बीबीसीचे ‘इन अवर टाइम’ १९९८ पासून चालू आहे आणि त्यात तीन प्राध्यापकांना एका विषयावर पाऊण तास बसवतात. आपल्याकडचा अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ तर चार-चार, पाच-पाच तास चालतो, आणि पाहुण्याच्या बालपणातच पहिला तास निघून जातो. तो ऐकायला मला आठवडा लागतो. सगळेच चांगले आहेत असे मुळीच नाही. काही ठिकाणी दोघे सूत्रधार एकमेकांच्या विनोदांवर इतके हसतात की लेखक बिचारा लग्नघरात चुकून शिरलेल्या परक्या माणसासारखा गप्प बसतो. आणि जाहिराती! भास्करपंत तंबूत शिरत होते, कनाती सुटायच्या बेतात होत्या, आणि मध्येच एक बाई मला गादीवर मिळणारी सवलत समजावून सांगू लागल्या.

तरीही ‘हे तुम्हाला कसे कळले’ हा प्रश्न या लोकांना न लाजता विचारता येतो, याचा मला हेवा वाटतो. विद्यार्थी असताना नागपुरातल्या एका व्याख्यानमालेत मी असाच एक प्रश्न विचारायला उभा राहिलो होतो. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, परिचय, परिचयकर्त्याचा परिचय आणि मग व्याख्यान एवढे झाल्यावर अध्यक्षांनी वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द केल्याचे जाहीर केले आणि लगेच बारा मिनिटांचे आभारप्रदर्शन झाले. त्या बारा मिनिटांचा राग माझ्या मनात अजून आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. अर्थात याच गावात वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या ताम्रपटांचे एकेक अक्षर लावत बसून त्या राजवंशाचा इतिहास उभा केला, तेव्हा पुरावा मागायला आम्हाला साहेबाने शिकवले असे कोणी समजू नये. आमच्याकडे प्रश्न विचारणारे होते आणि आहेत. फक्त त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक द्यायचा तेवढा राहून जातो.

कार्यालयात माझ्या शेजारी बंगालमधल्या बर्धमानकडच्या एक ज्येष्ठ बाई बसतात, त्यांना आम्ही सगळे दीदी म्हणतो. तीन वर्षे आम्ही एकत्र डबा खातो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना भीतभीत विचारले, तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ती अंगाई तिथेच गुणगुणून दाखवली. बाळ झोपले, वस्ती शांत झाली, बारगी देशात आले. बुलबुलांनी धान खाल्ले, आता शेतसारा भरायचा कशाने, असा तिचा अर्थ. बारगी म्हणजे आपला बारगीर, ज्याला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत तो साधा स्वार. ज्याच्याजवळ स्वतःचे घोडेही नसायचे, तो जवळजवळ तीनशे वर्षे बंगालच्या पाळण्यावर राज्य करून राहिला आणि स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या शिलेदाराला तिकडे कोणी ओळखतही नाही, हे ऐकून दीदी खूप हसल्या. “म्हणजे तू आमच्या आजीचा बारगी!” त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या मला त्याच नावाने हाक मारतात. मी त्यांना तंबूतल्या कत्तलीची हकीकत सांगितली. ती त्यांनी कधीच ऐकलेली नव्हती. पोटमारा झालेल्यांना अंगाई आठवत होती आणि सरदार गमावलेल्यांना दगा. अलीवर्दीखान आणि रघूजींमधला १७५१ चा तह, वर्षाला बारा लाखांची चौथाई आणि सुवर्णरेखा नदीची हद्द, हा हिशेब मात्र दोघांपैकी कोणालाच नीट माहीत नव्हता. मराठ्यांना अडवण्यासाठी कलकत्तेकरांनी १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला, स्वार तिथवर आलेच नाहीत म्हणून तो अर्धवट राहिला आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, हे दीदींनीच मला सांगितले. त्या रस्त्याने त्या कॉलेजला जात असत.

‘हे कसे कळले’ या प्रश्नाची सवय लागली की ती घरच्यांनाही जाचते. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने पहिल्या रघूजींची तलवार ४७.१५ लाख रुपयांना सोडवली, तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन दिवस भगवे झेंडे फडकत होते. मीही एक टाकला. मग न राहवून विचारले की ही तलवार इकडे आली कशी? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, की १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर, की कोणी भेट दिली म्हणून? आणि पाते युरोपातले आहे, तर ते नागपूरपर्यंत कसे पोहोचले? “तू आता इंग्रज झाला बे,” असे उत्तर आले. मी दुखावलो. ज्याने आपल्या तलवारीविषयी इतक्या आस्थेने चौकशी केली तो इंग्रज, आणि ज्याने अंगठा दाखवून पुढचा संदेश उघडला तो मात्र नागपूरकर, हा कुठला न्याय?

इथे आल्यावर इतिहास कळला, असे मी म्हणतो तेव्हा त्यात थोडी लबाडी असते, हेही मला ठाऊक आहे. नागपुरात असताना महालातून हिंगण्याच्या एमआयडीसीत दुचाकीवर जाणाऱ्या माणसाने व्हरायटी चौकात कानात यंत्र घालून अलीवर्दीखान ऐकला असता, तर त्याचाच इतिहास झाला असता. मला मोकळा तास मिळाला तो इंग्रजांच्या रेल्वेमुळे, माझ्या ज्ञानलालसेमुळे नव्हे, असे मी स्वतःला समजावतो. बाबांना हे पटत नाही. रविवारी फोनवर मी त्यांना ‘महाराष्ट्र पुराणा’विषयी उत्साहाने सांगितले, तर ते म्हणाले, “काय ऐकून राहिला तू एवढं? आपल्या कपाटात या. मा. काळ्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ आहे. १९३४ सालचा. तुझ्या आजोबांनी घेतलेला. त्याच्यावर तू शाईची दौत सांडली होती, एवढाच तुझा त्याच्याशी संबंध.”

यावर मला उत्तर सुचले नाही. मग मी म्हटले, बाबा, त्यात बंगालच्या स्वाऱ्यांचे काय लिहिले आहे ते वाचून दाखवा ना. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, पण आता दर रविवारी ते चार-पाच पाने वाचतात. मधेच आई काहीतरी विचारते, भाजीवाला ओरडतो, पान हरवते. गादीची जाहिरात अजून आलेली नाही. परवा ते भास्करपंतांच्या पहिल्या स्वारीपाशी आले आणि एक आकडा वाचून पुढे निघाले, तेव्हा मी त्यांना थांबवून विचारले, हे काळ्यांना कसे कळले असेल?

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“थांब,” बाबा म्हणाले. “चष्मा बदलून येतो.”